जाते गो

संध्याकाळी आसनगाव स्टेशनवरून किन्हवलीला जाणाऱ्या जीपमध्ये ती रोज माझ्या समोर बसायची. सकाळी रानभाजी विकायला नेलेली टोपली परतताना रिकामी, मांडीवर पालथी. तिचं नाव मला कधी कळलं नाही. पाड्याचा फाटा आला की ती बांगड्यांच्या हाताने पत्र्यावर थाप मारायची, उतरायची, टोपली डोक्यावर उपडी घालायची आणि सगळ्या जीपला सांगायची, “जाते गो!”

ते माझ्या कानाला टोचायचं. आमच्या घरी निघताना कुणी ‘जाते’ म्हणालं, तर आई उंबऱ्यावरून परत आत बोलवायची, घोटभर पाणी प्यायला लावायची आणि ‘येते’ वदवूनच सोडायची.

शेवटी एकदा मी बोललेच, “मावशी, जाते म्हणू नये. येते म्हणावं.”

टोपली सावरत ती वळली. हसलीसुद्धा. “माझा पोर ‘येतो गो आये’ बोलूनच कामाला गेला, बाय. आला नाय. चौघांनी खांद्यावर आनला. आता मी खोटं कशाला बोलू?”

मग तिनेच पत्र्यावर थाप मारून जीप पुढे काढायला लावली. बाकी कुणीच दचकलं नव्हतं. त्यांना सगळं ठाऊक होतं. शहाणपण शिकवायला गेले ती मी एकटी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चपला घातल्या. आई नेहमीसारखी दारात उभी होती. तोंडाशी आलेला शब्द तिथेच अडला.

“अगं, बोल ना,” आई म्हणाली.