सर्व्हरला झेंडूचा हार

मोठ्या कंपन्यांच्या सोशल मीडियावर आपण भाडेकरू असतो. मालकाची मर्जी फिरली की सामान रस्त्यावर. मला हे बिलकुल सहन होत नाही. म्हणून आमच्या मस्तगडच्या घरात, स्क्रीन फुटलेल्या जुन्या लॅपटॉपवर मी स्वतःच्या छोट्या सोशल मीडियाचा सर्व्हर उभा केला. जिल्ह्यातले मोसंबीवाले आणि माझे मित्र त्यावर लिहू लागले. वडिलांचा जन्म लेथ मशीनवर गेलेला. ते मात्र त्याला ‘खेळणं’ म्हणायचे.

खंडेनवमीला त्यांनी नेहमीप्रमाणे नटबोल्टचे पाने, हातोड्या, मोजपट्ट्या पुजल्या आणि मला न सांगता लॅपटॉपलाही झेंडूचा जाडजूड हार घातला. हाराने पंख्याची जाळी झाकली गेली आणि लॅपटॉप तापून बंद पडला.

लगेच अंबडहून, टेंभुर्णीहून फोन सुरू झाले. आपल्या सर्व्हरवाचून इतक्यांचं अडतं, हे मला तेव्हाच कळलं. मी चिडून हार काढायला धावलो. तेवढ्यात पुन्हा वाजलेला फोन वडिलांनी उचलला आणि ताठ आवाजात सांगितलं, “बिघडलं काही न्हाई. घरच्या हत्यारांची पूजा करून राह्यलो. जरा दम धरा.”