दादाच्या नकाशात लढाई होईना

आमचा दादा शहरातल्या सिग्नलच्या वेळा ठरवतो. चारही बाजूंनी आलेली वाहनं एकमेकांना न भिडता निघून गेली, की साहेब खूश. घरी आला की तेच काम फुकटात. आई-बाबा एकमेकांशी बोलत नाहीत. का बोलत नाहीत, हे आता त्यांनाही धड आठवत नसेल, पण अबोला कसा अगदी चोख!

"तुझ्या बाबांना विचार, चहा घेणार का."

"तुझ्या आईला सांग, कालच्यासारखा पाणचट नको."

दोघं एकाच टेबलाशी बसलेले असतात हं! मी केव्हाच हात झटकले. दादा मात्र टोचणारा शब्द वाटेत गाळून निरोप पोचवतो.

अशा माणसाने युद्धाचा नकाशा बनवायला घ्यावा, म्हणजे धन्यच. जादूगार, ड्रॅगन आणि राजेरजवाडे असलेला एक कॉम्प्युटर गेम तो खेळतो. त्यात कुणीही स्वतःचा नकाशा बनवून साइटवर टाकू शकतं, मग जगभरचे रिकामटेकडे तो खेळून मत देतात. दादाने वर्षभर खपून दोन राज्यं उभी केली, एक माणसांचं, एक राक्षसांचं. नद्या, पूल, घाट, मधोमध डोंगर. झाडं तर एकेक हाताने लावली. "आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं काहीतरी केलंय," म्हणाला. मी चिडवणारच होते, पण त्याचा चेहरा बघून चहा करून आणला.

मग मतं यायला लागली. "रस्ते सुंदर. सहलीला उत्तम." "सगळी संध्याकाळ खेळलो, शत्रू दिसला नाही. आहे ना नक्की?" "माझा ड्रॅगन वाट बघून म्हातारा झाला." लोकांनी मनसोक्त तोंडसुख घेतलं. वर साइटवाल्यांनी कळवलं, महिनाअखेरपर्यंत सुधारणा झाली नाही तर नकाशा काढून टाकू.

दादाचं तोंड एवढंसं झालं. मी स्वतः खेळून पाहिलं तर काय, एक सैन्य पुलावर आलं की दुसऱ्याची वाट बंद! घाटातही तेच. मी कपाळाला हात लावला.

"अरे, ही लढाई आहे की चौक?"

"समोरासमोर आले तर मरतील गं."

"मग काय हवा खायला आलेत? डोंगर काढ तो मधला!"

"बघू," म्हणाला, आणि नदीकाठी आणखी झाडं लावत बसला. हद्द झाली!

एका बाईने मात्र टिंगल न करता लिहिलं, "नकाशा मायेने केलाय. पण करणारा भांडणाला घाबरतो. इथे आम्हाला जिंकता येत नाही, हरताही येत नाही. नुसतं चालत राहावं लागतं."

दादा ते कितीतरी वेळ वाचत होता. खरं सांगते, मलाच रडू आलं. मी हात झटकले होते, म्हणजे माझ्याही वाटचे निरोप तोच वाहत होता.

त्याच रविवारी त्याने डोंगर काढला. दोन्ही सैन्यं माळावर एकमेकांवर तुटून पडली. दादा डोळे किलकिले करून बघत होता. नकाशा साइटवर राहिला. "हुश्श! एकदाचे भेटले," असं ड्रॅगनवाल्याने लिहिलं.

त्यानंतर एकदा जेवताना आई म्हणाली, "बाबांना सांग, जेवताना मचमच करू नका."

दादाने घास गिळला. "समोरच बसलेत. तूच सांग."

मी ताटातून मान वर काढली नाही. बाबांनी चमचा खाली ठेवला आणि सरळ आईला विचारलं, "काय त्रास आहे तुला?"

मग जे सुरू झालं! कुठल्या कुठल्या गोष्टी निघाल्या. आई रडली, बाबा ओरडले, शेजाऱ्यांनी खिडकी उघडली. दोघांनीही मधेमधे दादाकडे पाहिलं. दादा डोळे किलकिले करून बघत राहिला, पण मधे पडला नाही.