बाकीच्या चौघी कशाला?

आत्ताच जयनगरहून नातीच्या कॉलेजची बास्केटबॉलची मॅच बघून आले. अजून डोकं तापलंय.

त्यांचे सर सारखे ओरडत होते, "बॉल श्रुतीला द्या!" श्रुतीचा नेम पक्का, कबूल. पण माझी मीरा बास्केटखाली मोकळी उभी होती, तरी तिनं बॉल श्रुतीलाच दिला. मग पाच फाउल होऊन श्रुती बाहेर बसली आणि बाकीच्या पोरी भांबावून हरल्या.

साठच्या दशकात आमचे थोरले भाऊ, अण्णा, कॉलेजच्या बास्केटबॉल टीममध्ये असेच हिरो होते. फायनलला त्यांचा पाय मुरगळला, तर बाकीचे चौघे बस चुकल्यासारखे उभे राहिले. तेव्हा मी कुंपणाबाहेर गप्प बसले. आज नाही बसले.

सरांना गाठून विचारलं, "बाकीच्या चौघी टाळ्या वाजवायला आणल्यात का?"

"अज्जी, तुम्हाला खेळ कळत नाही."

"चौथीच शिकलेय, पण पाचपर्यंत मोजता येतं मला."

मीरा कुजबुजली, "अज्जी, पुरे गं! मला टीममधून काढतील."

"काढू देत. पण ठेवलं, तर मोकळी असशील तेव्हा बॉल तूच टाकायचास."

सर अजून रागावलेत. रागावू देत. तुमच्या घरच्या पोरी बॉल टाकतात, की नुसता दुसरीला देतात?