इंजिनाचा चौथा ठोका

बिघडलेली कुठलीही वस्तू कान देऊन ऐकली की आपलं दुखणं स्वतःच सांगते, असं मानणारा या पृथ्वीवर एकच माणूस असेल, आणि तो माझा साडू आहे. अकोल्यात त्यांचा दातांचा दवाखाना आहे. मी अमरावतीला शाळेत मास्तर. आमच्याकडे जेवायला आले की पहिल्याच घासाला ते हात वर करून सगळ्यांना गप्प करतात आणि स्वयंपाकघराकडे बघत सांगतात, "कुकरची शिट्टी फाटून राहिली." मग हात धुऊन कुकरचं झाकण मांडीवर घेतात. एकदा त्यांनी आमचा पंखा असाच ऐकला आणि उतरवला. तो चांगला चालत होता, हे सांगायची हिंमत मला झाली नाही. ती दुपार घरातल्या सगळ्यांनी वहीच्या पुठ्ठ्यांनी वारा घेत काढली, आणि त्याची टोचणी मला अजून आहे.

पण पंखे-कुकर हे किरकोळ. त्यांचा खरा जीव दवाखान्याच्या गच्चीवर आहे. हातभर लांबीचं, खऱ्या वाफेवर चालणारं आगगाडीचं इंजिन. पोटात बॉयलर, त्याला तापवायला गॅसचा बर्नर, आणि पाण्याच्या टाकीभोवती गोल रूळ. बर्नरचं बारीक छिद्र ते रूट कॅनालच्या सुईने साफ करतात, ज्योत निळी आहे का ते दात बघायच्या आरशात पाहतात. अकोल्याच्या मे महिन्यात गॅस निम्माच लागतो, असं ते अभिमानाने सांगतात, कारण गच्चीवरचं पाणी आपल्या मनानेच अर्धं उकळलेलं असतं. पेशंटला इंजेक्शन दिलं की भूल चढेपर्यंत ते वर जाऊन दोन फेऱ्या मारून येतात. बाळापूरचे एक शेतकरी एकदा खुर्चीत असे एकटे बसले होते. साडू खाली आल्यावर त्यांनी सुन्न जिभेने विचारलं, "डाक्टर, माह्या दातात गाडी चालून राहिली का?" साडू इतके खूश झाले की त्यांना थेट गच्चीवर घेऊन गेले. गाडी पाहून ते गृहस्थ तृप्त मनाने बाळापूरला परतले. दात तसाच राहिला.

पुढे साडूंनी इंजिनात रिमोट बसवला. एक चिमुकली मोटर वाफेचा नळ उघडते-मिटते, दुसरी इंजिन पुढे किंवा मागे घेते. एवढं झाल्यावर माणसाने खुर्ची टाकून बसावं. हे मात्र हातात रिमोट धरून, कमरेत वाकून, कान इंजिनाच्या धुराड्याशी नेऊन गोल गोल पळतच राहिले. मी म्हटलं, "डॉक्टरसाहेब, आता दुरून चालते ना?" पळता पळताच म्हणाले, "चालते दुरून, मास्तर. पन आयकू दुरून येते का?" चाकाच्या एका फेऱ्यात वाफेचे चार ठोके पडतात. चारही सारखे पडले तर इंजिन सुरात. एक जरी मागेपुढे झाला तर ते लंगडतं. मग साडू आतला स्क्रू सैल करून एक भाग केसाएवढा सरकवतात, ऐकतात, पुन्हा सरकवतात, आणि या कामात त्यांचे रविवारच्या रविवार जातात.

यंदाच्या हिवाळ्यात त्यांच्या मुलीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरलं. सोयरीक धामणगाव रेल्वे नावाच्या गावची. अंगठ्या ताटात येणार नाहीत, गाडीत येतील, असं साडूंनी जाहीर केलं. ताई, म्हणजे माझी थोरली मेहुणी, म्हणाली, "लोक पोरीले पाहाले येऊन राहिले, तुमच्या इंजिनाले नाई." साडू म्हणाले, "मंग दोघींलेही पाहतीन."

आदल्या संध्याकाळी ताईने मला जिन्यात थांबवलं. "भाऊजी, यायले आजकाल कमी आयकू येते. कानाले मशीन लावा म्हनलं तर दोन दिवस बोलले नाई माह्याशी. तुमी काई बोलू नका." मी वर गेलो. इंजिन फिरत होतं आणि चौथा ठोका स्पष्ट मागे पडत होता, एखाद्याचा एक पाय आखूड असावा तसा. साडूंनी माझ्याकडे पाहून विचारलं, "चारी सारखे हायेत ना?" मी सारखे आहेत म्हणालो. अख्खं आयुष्य ज्याने कानाच्या भरवशावर काढलं, त्याच्या कानाविषयी मी खोटं बोललो होतो. जेवणात मला चव लागली नाही. उद्या दोन्हीकडच्या पाहुण्यांसमोर गाडी अडखळली असती, तर ते त्यांना पोरीच्या कार्यातलं आपलं अपयश वाटलं असतं.

सकाळी ते बॉयलरमध्ये पाणी भरत होते तेव्हा मी सांगून टाकलं. "चौथा ठोका उशिरा येतो, डॉक्टरसाहेब. काल मी खोटं बोललो."

त्यांनी फनेल खाली ठेवलं.

"मले दिवाळीपासून तीनच आयकू येतात," ते म्हणाले. "म्हनलं, इंजिनाचाच दोष असन." मग एकदम हसले. "काल काहून नाई सांगितलं? रातभर दुरुस्त केलं असतं ना. या इकडे. हात ठेवा खांद्यावर. तुमी आयका अन् ठोका, मी सरकवतो."

मी त्यांच्या खांद्यावर बोटांनी ठोके देत गेलो आणि ते स्क्रू फिरवत गेले. उन्हं वर आली तेव्हा माझी बोटं सारखी पडू लागली होती.

मंगल कार्यालयात रूळ टाकले होते. साडू रिमोट घेऊन उभे, मी त्यांच्या मागे खांद्यावर हात ठेवून. सुरुवातीला इंजिनाने गरम तेलकट पाण्याची एक पिचकारी व्याह्यांच्या पांढऱ्या पायजम्यावर उडवली. ते धान्याचे व्यापारी, शांतपणे म्हणाले, "शकुन समजू." मग गाडी निघाली. मी ठोकत होतो, एक-दोन-तीन-चार, आणि साडू पहिल्यांदाच न वाकता, ताठ उभे राहून, डोळे मिटून गाडी चालवत होते. व्याह्यांनी ताईला हळूच विचारलं, मास्तर एवढे गहिवरले काहून? ताईने पदराने डोळे पुसले.

गाडी मुलीपुढे येऊन थांबली. अंगठ्या उचलल्या, टाळ्या झाल्या, फोटो निघाले. साडूंनी डोळे उघडले आणि मान मागे वळवून मला म्हणाले, "मास्तर, गाडी थांबली हाये."

माझी बोटं अजून ठोकतच होती. मी ओशाळून हात काढू लागलो.

"राहू द्या," ते म्हणाले. "चांगलं आयकू येऊन राहिलं."