जीभ अडली तेव्हा

देवाकडे मी आयुष्यभर एकच गोष्ट मागत आले आणि ती मला कधीच मिळाली नाही. मी बोलताना अडते. प, ब, ग ही अक्षरं ओठांपर्यंत येतात आणि तिथंच थांबून राहतात. मग मान ताठ होते, डोळे आपोआप मिटतात, आणि समोरचा माणूस अवघडून दुसरीकडे बघायला लागतो. पलूसजवळच्या आमच्या गावात जैन बस्ती, म्हणजे जैन मंदिर, आहे. लहानपणी आई मला तिथं रोज घेऊन जायची. पार्श्वनाथ भगवंतांसमोर एकटीनं णमोकार मंत्र म्हणताना माझी जीभ एकदाही अडत नसे. पण बाहेर येऊन पायऱ्यांवर चपला घालताना कुणी नाव विचारलं, की मला माझं स्वतःचं नाव सांगता यायचं नाही. जी जीभ आत चालते ती बाहेर का चालत नाही, याचं उत्तर मी भगवंतांना किती वेळा विचारलं असेल. पुढे पुढे तर मी दर्शनाला जायचे ती श्रद्धेनं की सवयीनं, हेही मला नीट सांगता आलं नसतं.

नर्सिंग केलं आणि सांगलीच्या एका दवाखान्यात ऑपरेशन थिएटरमध्ये लागले. ती जागा माझ्यासाठीच केल्यासारखी होती. तोंडाला मास्क, सगळ्यांचं लक्ष रुग्णावर. डॉक्टर हात पुढे करायचे आणि त्यांना हवं ते अवजार मी त्यांच्या तळहातावर ठेवायचे. बोलण्याची गरजच पडत नसे. अशी बरीच वर्षं सुखात गेली. पण यजमान सैन्यात, त्यांची बदली लांब. मुलगी गावी सासूबाईंजवळ वाढत होती आणि मी सुट्टीच्या दिवशी पाहुण्यासारखी घरी जायचे. गावाजवळच्या उपकेंद्रात जागा निघणार असं कळलं, तेव्हा मी अर्ज केला. त्यासाठी आधी साताऱ्याला काही महिन्यांचं प्रशिक्षण घ्यावं लागणार होतं. मला वाटलं, लसी, गोळ्या, बीपी, साखर तपासणं, एवढंच शिकवतील.

पहिल्याच दिवशी माझा भ्रम फिटला. आम्हाला शिकवणाऱ्या मॅडम मूळच्या रहिमतपूरच्या. आवाज खणखणीत, बोलणं सरळ. त्या म्हणाल्या की आजार झाल्यावर औषध द्यायला माणसं आहेत. तुम्हाला तो यायच्या आधी घरात पोचायचंय, आणि आधी पोचायचं तर बोलता आलं पाहिजे. बायकांच्या बैठका घ्यायच्या, सासवांशी बोलायचं, तंबाखू खाणाऱ्या माणसाशी वाद न घालता बोलायचं, पाणी उकळण्यापासून अंगावरच्या गाठीपर्यंत सगळं समजावून सांगायचं. मी वर्गाच्या शेवटच्या बाकावर बसून ऐकत होते आणि सारखी दाराकडे बघत होते.

सुरुवातीचे दिवस मी कसेबसे काढले ते सुवर्णाच्या जिवावर. ती कोरेगावकडची, माझ्या खोलीतली मैत्रीण, बोलण्यात पटाईत. आम्ही दोघी मिळून गावात जायचो. मी चित्रं काढायचे, तक्ते धरायचे, बीपी बघायचे आणि ती बोलायची. मॅडमच्या नजरेतून हे सुटलं नव्हतं. एक दिवस त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की शेवटची बैठक प्रत्येकीनं एकटीनं घ्यायची आहे, त्या स्वतः बसून बघणार आहेत, आणि ती जमली नाही तर त्यांना मला पुढे उपकेंद्रात पाठवता येणार नाही. त्या रागावल्या नव्हत्या. त्यामुळेच मला जास्त लागलं.

त्या आठवड्यात मी साताऱ्यातल्या जैन मंदिरात रोज गेले. विषय मिळाला होता गरोदरपणातली काळजी. गरोदर हा शब्द ग वरून सुरू होतो, बाळंतपण ब वरून, आणि पायांवरची सूज प वरून. मी शब्द बदलून बदलून वाक्यं तयार केली. गरोदर बाईच्या जागी ‘दिवस गेलेली बाई’, पायांच्या जागी ‘तळवे आणि नडग्या’. आणि भगवंतांसमोर हात जोडून म्हणाले, मला एक तास द्या. आयुष्यभराचं राहू द्या, एवढा एकच तास माझी जीभ चालू द्या. सासूबाईंना फोनवर हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, “अगं, आपल्यात मागायचं नसतंय. भगवंत काय देत न्हाईत, काय काढूनबी घेत न्हाईत. तू नुसता नमस्कार कर आणि जा.” मला ते कोरडं वाटलं. एवढ्या अडचणीत नुसत्या नमस्कारानं काय होणार होतं?

बैठक मेढ्याच्या पलीकडे डोंगरातल्या एका गावात होती. दुपारची वेळ, भैरवनाथाच्या देवळाचा सभामंडप. बायका शेतातून येऊन हातपाय धुऊन बसल्या होत्या. मॅडम मागे खांबाजवळ बसल्या. मी उभी राहिले, नमस्कार केला आणि पहिल्याच वाक्यात अडले. ठरवून ठेवलेले सगळे शब्द त्या क्षणी डोक्यातून निघून गेले आणि नेमका ‘गरोदर’च ओठांवर आला. ग, ग, ग. पुढे काही येईना. डोळे मिटले. कुणीतरी हसलं, कुणीतरी तिला गप्प केलं, बांगड्या वाजल्या. एक बाई उठून जायला निघाल्याचं मला पावलांवरून कळलं. मनात म्हटलं, संपलं. तास मागितला होता, एक वाक्यही मिळालं नाही.

तेवढ्यात पुढच्या रांगेतून आवाज आला, “बसा गं खाली. माजी यष्टी तर गेलीच हाय, मला काय घाई न्हाई. सांग बाय तू, सावकाश सांग. आमी बसलोय.”

मी डोळे उघडले. एक वयस्कर आजी, नऊवारी नेसलेली, मांडीवर कापडी पिशवी. ती माझ्याकडे बघत होती आणि नजर हलवत नव्हती. मी अडले की सगळी माणसं दुसरीकडे बघतात. आईही तसंच करायची, यजमानही करतात, मला वाईट वाटू नये म्हणून. ही आजी माझ्याकडेच बघत राहिली, जशी एखादी चुलीवरच्या दुधाकडे बघते. आणि शब्द बाहेर पडला. मी म्हणाले, गरोदर बाईचं डोकं सारखं दुखत असेल तर अंगावर काढू नये. एवढं वाक्य पुरं व्हायला खूप वेळ लागला. ते झालं तशी आजी मागे वळली आणि सगळ्यांना मोठ्यानं म्हणाली, “ऐकलं का? पोटुशी बाईचं डोस्कं दुखतंय तर गप बसायचं न्हाई म्हंती ही.” मग पुन्हा माझ्याकडे वळली आणि वाट बघू लागली.

तसंच पुढे चाललं. मी एक वाक्य अडखळत सांगायचे, आजी ते आपल्या बोलीत मागच्यांना सांगायची. मध्येच मलाच विचारायची, “डोळ्याम्होरं काजवे चमकत्यात ते बी त्यातलंच व्हय?” मी मान हलवून हो म्हणायचे, मग ती सगळ्यांना तेही सांगायची. प्रत्येक गोष्ट दोनदा ऐकली जात होती. एकदा नर्सच्या तोंडून, एकदा त्यांच्यातल्याच बाईच्या. शेवटी मी सांगितलं की नडगीवर बोट दाबून धरावं आणि काढल्यावर तिथं खड्डा राहतो का ते बघावं. आजीनं लगेच लुगडं जरा वर घेऊन स्वतःची नडगी दाबून दाखवली. मग सगळ्याच बायका दाबून बघायला लागल्या आणि मंडपात हशा पिकला.

एकटी मात्र हसत नव्हती. भिंतीला टेकून बसलेली तरुण मुलगी, बाळंतपणासाठी माहेरी आलेली. तिनं बोट काढलं होतं आणि खड्डा तसाच होता. शेजारी बसलेल्या आईला ती हळू आवाजात म्हणाली, “आई, सकाळपास्नं मला बी काजवेच दिसत्यात.” आईला वाटत होतं उन्हानं असेल. मी तिथंच तिचं बीपी बघितलं. पुन्हा बघितलं. मग मॅडमना आकडा दाखवला. बीपी खूप वाढलं होतं, तिला लगेच दवाखान्यात न्यायला हवं होतं. कुणाची तरी जीप होती. मॅडम तिच्याबरोबर बसल्या, आधी मेढ्याला आणि तिथून लगेच साताऱ्याला. जीप निघेपर्यंतच्या धावपळीत मला कितीदा तरी बोलावं लागलं. अडत अडतच बोलले, पण अडतेय याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं, माझंसुद्धा.

सगळं शांत झाल्यावर मी आजीला शोधलं. बायका म्हणाल्या, ती तर मघाच्या गाडीनं गेली. ती त्या गावची नव्हती. घाटापलीकडच्या कुठल्याशा वाडीची, पाहुण्यांकडे आली होती, परतीची एसटी चुकली म्हणून पुढच्या गाडीपर्यंत देवळात टेकली होती. नाव कुणाला धड आठवेना. मी यात चमत्कार होता असं म्हणत नाही. म्हाताऱ्या माणसाची गाडी चुकते, त्यात नवल काय? पण ती गाडी वेळेवर मिळाली असती तर काय झालं असतं, याचा विचार मनात आला की मी आजही आपोआप हात जोडते.

ती मुलगी आणि तिचं बाळ दोघंही सुखरूप राहिली. बाळ वेळेआधी आलं, अगदी लहानसं, पण पुढे छान भरलं. दोघं सुखरूप असल्याचं सांगायला मॅडमनी मला खोलीत बोलावलं, तेव्हा मी निरोप घ्यायच्या तयारीनंच गेले होते. त्या म्हणाल्या, “तू भाषण केलं नाहीस. पण त्या पोरीनं तिथंच तोंड उघडलं. मी इतकी वर्षं न अडता बोलतेय, माझ्या बैठकीत असं कितीदा झालं ते मी काल आठवत होते.” मग नेहमीच्या स्वरात म्हणाल्या की पुढे प्रत्येक गावात अशीच एक बाई शेजारी बसवून घे, तिच्याकडून पुन्हा सांगून घे. आणि मला पुढे पाठवलं.

आता मी गावाजवळच्या उपकेंद्रात आहे. मुलगी शाळेतून थेट माझ्याकडे येते, कोपऱ्यातल्या बाकावर अभ्यास करते. मॅडम त्यांच्या नव्या नर्सेसना अधूनमधून माझ्याकडे शिकायला पाठवतात. बैठक कशी घ्यायची हे बघायला, माझ्याकडे! पहिल्या दिवशी त्या बिचाऱ्या माझं वाक्य मध्येच पुरं करायला धावतात. मी हातानं थांबवते. लोकांचंही वाक्य असंच मध्येच पुरं करायचं नाही, हा त्यांचा पहिला धडा होतो.

सासूबाईंचं म्हणणं मला उशिरा कळलं. ज्या मंत्रानं मी इतकी वर्षं मागत होते, त्या मंत्रात मागणं एकही नाही, सगळा नुसता नमस्कारच आहे. तो करून पुढे जायचं. काय मिळेल ते आपण ठरवायचं नाही. मी जीभ मागत राहिले आणि मला ऐकणारी माणसं भेटली. आता भगवंतांसमोर उभी राहते तेव्हा मनात काही नसतं, आणि त्याचंच समाधान वाटतं.

परवा चातुर्मासात बस्तीतल्या बायकांनी बीपीची माहिती सांगायला बोलावलं. ओळखीच्याच सगळ्या, मला लहानपणापासून पाहिलेल्या. मी उभी राहिले आणि ब वर अडले. मंडपात पंख्याचा आवाज येत होता. कुणी खाली बघितलं नाही, कुणी शब्द सुचवला नाही. मीही या वेळी डोळे मिटले नाहीत. समोर बसलेल्या एकेकीकडे बघत उभी राहिले. थोड्या वेळानं शब्द आला.