छत्री धरलेला पोपट

या मंचावर मी आजवर फक्त खाली, प्रतिक्रियांत दिसले आहे. "पुरावा काय?" "फोटो कुठाय?" "आदल्या दिवशी काय घेतलं होतं?" – असलं लिहिणारी ती मीच. त्यामुळे आज काही जणांना भलतीच मजा येणार आहे. येऊ दे. असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता, आणि आजही "आहे" असं मी म्हणणार नाही. जे घडलं ते क्रमाने लिहिते. ज्याला चूक सापडेल त्याने कृपा करून दाखवावी... मी सुटेन.

मी सुजाता, वय सत्तावीस, राहणार खेड. अंधश्रद्धेविरुद्ध काम करणाऱ्या आमच्या गटासाठी पत्रकं लिहिते, वाटते, वेळ पडली तर खळ लावून चिकटवतेही. तीन वर्षं आमचा विषय एकच – आमची जगबुडी नदी. आमच्याकडे माणूस गेला की त्याची गादी, उशी, कपडे यांचं गाठोडं करतात आणि पुलावरून खाली सोडतात. घरात ठेवलं तर जीव घुटमळतो म्हणे! म्हणजे मेलेल्याची भीती, आणि शिक्षा नदीला! माझ्या पत्रकाचा मथळा होता – "मेलेल्याचे कपडे नदीला कशाला? जिवंतांना द्या!" आणि खाली जाड टाइपात: "माणूस गेला की त्याचं काम तिथेच संपतं. वस्तूत कोणी उरत नाही."

हे जाड टाइपातलं वाक्य माझं. ते लक्षात ठेवा.

पत्रक वाटताना एक टोमणा मला हमखास मिळायचा. "आधी तुझ्या आईची पेटी दे गो बाय, मग आमाला शिकव." तो झोंबायचा, कारण खरा होता. मी पाच वर्षांची असताना आई तीन दिवसांच्या तापात गेली. तिची पत्र्याची पेटी बावीस वर्षं अप्पांच्या खाटेखाली, कुलपात. अप्पा म्हणजे माझे वडील. लोट्याला केमिकल कंपनीत ऑपरेटर होते, आता रिटायर. देवाला हात जोडताना मी त्यांना कधी पाहिलेलं नाही. पण पेटीचा विषय काढला की ठरलेलं उत्तर – "अर्धवट आहे ते. राहू दे."

काय अर्धवट? मला वाटायचं, दुःख. बावीस वर्षं! शेवटी मी स्पष्ट सांगितलं, "अप्पा, येत्या रविवारी पेटी उघडायची. लोकांना एक आणि घरात एक, असं मला जमणार नाही." ते फक्त "बघू" म्हणाले.

त्या रविवारी सकाळी मुरुडहून वैशालीवहिनी आली. माझ्या आतेभावाची बायको. त्यांचा समुद्राजवळ होमस्टे आहे आणि तिला खोल्या सजवायला जुन्या वस्तू हव्या होत्या. खेडला डेपोमागच्या मोकळ्या जागेत रविवारी सकाळी जुना बाजार बसतो, तिकडे मला घेऊन गेली.

तुम्ही तो पाहिला नसेल तर सांगते. ताडपत्र्यांवर अख्खी घरं पसरलेली असतात. एनॅमलची निळ्या काठाची ताटं, काचेच्या हंड्या, काळे गोल स्विच, बोटीवर जाणाऱ्यांच्या ट्रंका, जरीच्या काठाची नऊवारी, कोणाच्या तरी लग्नातला काळा कोट. माणसं मुंबईला गेली, घरं बंद पडली, मग कोणी तरी येऊन सगळा लॉट उचलतो. आणि तेच सामान व्हिंटेज म्हणून पर्यटकांच्या खोलीत!

"वहिनी, ही नऊवारी कापून तू उश्यांचे अभ्रे करणार? लाज वाटत नाही?"

"तुझ्या पत्रकात काय आहे? जिवंतांना द्या. मग? माझे गिऱ्हाईक काय मेलेले आहेत?"

या वहिनीशी वाद घालण्यात अर्थ नसतो.

इकबालचाचांच्या ताडपत्रीवर मला ती फ्रेम दिसली. दुसुतीच्या जाड कापडावर फुल्याफुल्यांचं भरतकाम, वर काच. पूर्वी दर घरी ओटीवर असायचं तसलं – मधे फुलांची कुंडी, दोन बाजूंना दोन पोपट. फक्त उजव्या पोपटाच्या चोचीत एक पिवळी छत्री. उघडलेली!

मी जोरात हसले. "छत्री घेऊन पोपट कुठं चाललाय, चाचा?"

"बाजाराला," चाचा म्हणाले. "तुमच्यासारखाच. घेऊन जा, घरी बसून बसून कंटाळलाय तो."

वहिनी कॉलेजात भरतकाम शिकलेली. तिने काच फडक्याने पुसली आणि नाक जवळ नेलं. "काम सुरेख आहे. पण छत्री दुसऱ्याच कोणी तरी भरलीय. हे बघ, टाके ओढलेत, शिकाऊ हात. आणि वरचा टाका उलट्या अंगाला आलाय सगळीकडे. डावखुरी असणार, तुझ्यासारखी."

मी नाव शोधलं. पूर्वी बायका खाली कोपऱ्यात नाव भरायच्या. इथे काहीच नाही. माझं डोकं सणकलं. एवढे हजारो टाके घालायचे आणि नावापुरतीही जागा नाही! तिथेच चाचांना बायकांच्या बिनमोल श्रमांवर भाषण दिलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि वर्तमानपत्रात फ्रेम बांधून दिली. "भाषण फुकट दिलंस, मग मी पण कमी घेतो."

फ्रेम वहिनीच्या होमस्टेसाठी होती. पण आम्ही आधी घरी जेवायला आलो. अप्पा ओट्यावर बसले होते. वहिनीने हौसेने कागद सोडला. "मामा, बघा, पोपटाला छत्री!"

अप्पांनी पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहत होते म्हणून सांगते – त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. हिशेब चुकल्यावर माणूस दिसतो तसे ते दिसत होते. ते मला म्हणाले, "पेटीला दुसरी चावी कुठून केलीस?"

"चावी? अप्पा, हे बाजारातनं आणलंय. चाचांकडून."

"खोटं बोलू नको सुजे."

"मामा, मी होते ना सोबत," वहिनी म्हणाली. तिचं हसू गेलं होतं.

अप्पा उठले. बनियनच्या आत हात घालून गळ्यातल्या दोऱ्यातली चावी काढली – बावीस वर्षं ती तिथे होती हे मला माहीत नव्हतं! – आणि खाटेखालून पेटी ओढली. कुलूप गंजलेलं. तेल घालून पाच मिनिटं खटपट केल्यावर उघडलं. आत साड्या, दोन पोलकी, डांबराच्या गोळ्यांचा वास. आणि सगळ्यात वर, चार घड्या घातलेली दुसुती.

त्यांनी ती फ्रेमशेजारी पसरली.

मधे कुंडी. दोन बाजूंना दोन पोपट. उजव्याच्या चोचीपुढे पेन्सिलीने काढलेली छत्री, पुसट. छत्रीच्या दांड्याच्या तीन फुल्या पिवळ्या दोऱ्याने भरलेल्या. बाकी कोरी. आणि तिसऱ्या फुलीशेजारी सुई, दोऱ्यासकट, कापडातच टोचलेली. गंजून काळी.

मी सुईला बोट लावलं; हलली नाही.

अप्पा सांगायला लागले. "माझी सेकंड शिफ्ट असायची, मी येईपर्यंत ती हे भरत बसायची. तू मांडीशी. बाहेर पाऊस. पोपट भिजेल म्हणून तू जो गोंधळ घातलास... मग तिने छत्री काढली. तीन फुल्या घातल्या आणि म्हणाली, थंडी वाजतेय गो, उद्या करू."

"ताप होता तो," अप्पा म्हणाले.

मला यातलं काहीही आठवत नाही. एक अक्षर नाही.

"ती शेजारणीचं पोलकं शिवायची तरी हुक लावल्याशिवाय उंबऱ्याबाहेर जाऊ द्यायची नाही," अप्पा म्हणाले. "अर्धवट काम कोणाला द्यायचं नाही, हा तिचा नेम. म्हणून पेटी ठेवली. तुला काय वाटलं, भुताला घाबरलो?"

आता माझ्यातली प्रतिक्रिया लिहिणारी जागी झाली. मी म्हटलं, नमुन्याचं पुस्तक! आईने आणि फ्रेमवालीने एकाच पुस्तकातून उचललं. पण छत्री? बरं, योगायोग. मग मी फ्रेमचे खिळे काढले, कापड बाहेर घेतलं आणि फुल्या मोजायला बसले. उजव्या पोपटाची चोच आईने लाल दोऱ्याने सुरू केली होती, दोरा संपला म्हणून पुढे जांभळा लावला होता. लाल फुल्या सात. बाजारातल्या पोपटाच्या चोचीत लाल फुल्या – सात. मग जांभळा. डाव्या पोपटाच्या शेपटीत एक फुली विसरलेली. दोन्हीकडे, त्याच जागी. वहिनीने उलट्या बाजू तपासल्या. गाठी त्याच जागी. कुंडीपासून पोपटापर्यंत वाचवून ओढलेला लांब दोरा तोच. मग छत्री. बाजारातल्या छत्रीच्या दांड्याच्या पहिल्या तीन फुल्या हळदी पिवळ्या, सुलट्या टाक्याच्या. चौथीपासून लिंबासारखा पिवळा आणि टाका उलटा.

वहिनीने माझ्या डाव्या हाताकडे पाहिलं आणि पटकन नजर वळवली.

"ती सुई काढ," अप्पा म्हणाले.

मी काढली. सहज नाही निघाली; अर्धी मोडली. खाली कापडावर गंजाची तपकिरी रेघ उरली, जरा तिरकी, नखाएवढी. आणि शेजारी, बाजारातल्या कापडावर, तिसऱ्या फुलीला लागून... तीच रेघ. तिरकी. नखाएवढी. इतका वेळ मी तिला डाग समजत होते.

मी एक कापड दुसऱ्यावर ठेवून उजेडाला धरलं. रेघ रेघेवर बसली.

दुपारचा एक वाजला होता. लख्ख ऊन. शेजारी कुकरच्या शिट्ट्या चालू होत्या. मुद्दाम लिहिते, कारण इथे सगळ्यांच्या गोष्टी अंधारात घडतात आणि मी त्याचीच टिंगल करत आले.

पुढच्या रविवारी मी चाचांना गाठलं. त्यांनी लॉट दापोलीच्या अलीकडच्या एका गावातून उचलला होता. गावाचं नाव देत नाही, घरमालकांना त्रास नको. वहिनीला घेऊन तिथे गेले. बंद घर, माणसं मुंबईला. मालकांनी फोनवर फक्त "ती जुनी फ्रेम होय, होती खरी" एवढंच सांगितलं. शेजारच्या काकींकडे चावी होती. ओटीच्या भिंतीवर फ्रेमएवढा फिकट चौकोन होता, मी मापून पाहिला.

"छत्रीवाला पोपट?" काकी हसल्या. "मी लग्न होऊन आले तेव्हापासून तिथंच व्हता तो. माझी पोरं त्याला बघून जेवायची."

"लग्नाला किती वर्षं झाली, काकी?"

"मोठा लेक चाळिशीचा झाला."

माझं वय सत्तावीस. छत्रीचा हट्ट मी पाचव्या वर्षी केला. आई संगमेश्वरकडची, दापोलीच्या बाजूला तिचं कोणीही नाही. "ही भरली कोणी?" विचारलं तर काकींना ठाऊक नव्हतं. सासूला ठाऊक असेल म्हणाल्या, ती गेली.

काकींचं चुकत असेल. अप्पांचंही. आठवणी चुकतात, शिबिरांत मीच शिकवते. पण सात लाल फुल्यांना आठवण लागत नाही. गंजाला तर नाहीच.

अप्पा मात्र मोकळे झालेत. त्या दिवशीच त्यांनी पेटी माझ्यापुढे सरकवली. "पुरं झालंय ना? आता दे कोणाला द्यायचं ते." साड्या मी दिल्या. वाटप झालं, टोमणे थांबले, मी जिंकले. वहिनीने फ्रेम न्यायला साफ नकार दिला. ती आमच्या भिंतीवर आहे आणि तिच्याखाली बसून अप्पा निवांत पेपर वाचतात. अर्धी दुसुती माझ्याकडे आहे. पत्रकाच्या नव्या आवृत्तीचं प्रूफ महिनाभर टेबलावर पडलंय. ते जाड टाइपातलं वाक्य मला ठेवता येत नाही आणि खोडताही येत नाही.

गेल्या आठवड्यात पेठेतल्या दोऱ्यांच्या दुकानात गेले. फ्रेमच्या छत्रीतून ओढलेला एक धागा सोबत होता. म्हटलं, निदान दोरा किती जुना ते तरी कळेल. दुकानदाराने तो काउंटरवर ठेवला, खण उघडला आणि एक लडी शेजारी टाकली. लिंबासारखी पिवळी. मला फरक करता येईना.

"नवीनच शेड आलीय ही," तो म्हणाला. "देऊ?"

मी घेतली. पर्समध्ये आहे.

मला भरतकाम येत नाही. पण फुल्या घालायला कितीसं शिकावं लागतं? वहिनी तासाभरात शिकवेल. हात शिकाऊच राहील, टाके ओढले जातील, आणि मी डावखुरी, त्यामुळे वरचा टाका उलटा येईल.

खाली कोणी तरी लिहिणार आहे, "मग छत्री भरून बघा की, काय होतं ते कळेल." बरोबर आहे. मीही हेच लिहिलं असतं. चाचणी करता येत असताना जो करत नाही तो ढोंगी, असं मी भर सभेत म्हटलेलं आहे. चाचणी समोर आहे – सुई, दोरा, कापड. सुईत दोरा ओवूनही झालाय.

चौथी फुली मी अजून घातलेली नाही.