पाच गुंजांचा भुंगा

नाल्यावरचा पूल ओलांडला तेव्हा आठ वाजले होते आणि आर्णी अजून सहा किलोमीटर होती. इंदूबाईंच्या टाचेला चप्पल लागत होती, पण पुढं चाललेल्या उमेराला थांब म्हणायची सोय नव्हती. तिच्या दोन्ही हातांत स्टीलचा डबा होता आणि काठोकाठ तेल भरल्यासारखा तो जपत ती चालली होती. डब्यात तेल नव्हतं. कापूस होता, आणि कापसात तिनं बनवलेला भुंगा.

मागून आलेला ऑटोवाला हळू झाला. "बसा ना काकू, दोघीही."

"नाही बसत," उमेरा म्हणाली.

"काहून? अंडे आहेत का डब्यात?"

"अंडेच समज. तुह्या गाडीत फुटतात."

तो हसत निघून गेला. उमेरा हसली नाही. गेल्या वर्षी त्या अशाच ऑटोतून आर्णीच्या शेती प्रदर्शनाला गेल्या होत्या. रस्त्याच्या खड्ड्यांनी भुंग्याच्या पंखाचं केसाएवढं बिजागर तुटलं आणि टेबलावर ठेवल्यावर तो नुसता घूं घूं करत एका कुशीवर पडून राहिला. लोक हसले. कोणी म्हणालं, "खेळणं आणलं बाईनं, तेही बिघडलेलं." उमेरानं भुंगा उचलून डब्यात ठेवला. घरी आली, नवा भुंगा करायला बसली, आणि यंदा अकरा किलोमीटर पायी जायचं ठरवून टाकलं. नानाजींनी, म्हणजे इंदूबाईंच्या यजमानांनी, मोटारसायकल देऊ केली होती. तीही उमेरानं नाकारली.

उमेराचे वडील वाहिदभाई बाजारोबाजार फिरून घड्याळं दुरुस्त करायचे. त्यांचा चिमटा आणि डोळ्याला लावायचं भिंग तिच्याकडे आलं. घड्याळं गेली, मोबाइल आले, तिचं दुरुस्तीचं दुकान चालत राहिलं. खराब मोबाइलच्या स्पीकरमधलं तारेचं वेटोळं, लोहचुंबकाचा कण, बांबूच्या केसाएवढ्या काड्या, आणि स्क्रीनवर चिकटवतात त्या पातळ प्लास्टिकचे पंख, एवढ्यातून तिनं भुंगा केला. सोनाराच्या काट्यावर पाच गुंजा भरला. एकदा तिला बघायला पाहुणे आले होते. काय करतेस विचारलं, तर हिनं भुंगा दाखवला. पाहुण्यांनी चहा घेतला आणि जे गेले ते गेलेच.

"बरं झालं," ती इंदूबाईंना म्हणाली होती. "नवरदेवानं त्याच्यावर फुंकर मारली होती."

तुरी फुलात आल्या की ती इंदूबाईंच्या शेताच्या धुऱ्यावर जाऊन बसायची. पिवळ्या फुलांवर काळे भुंगे यायचे, ते बघत. तिथंच तिला कळलं की भुंग्याचे पंख नुसते हलत नाहीत, प्रत्येक हेलकाव्याच्या टोकाला उलटतात. सूप पाखडताना बाईचं मनगट वळतं ना, तसे. दुकानात येणारे शहाणे सांगत होते, पंख ताठ कर, मोटर मोठी कर. हिनं उलट केलं. बिजागर सैल ठेवलं, पंखाला आपलं आपण वळू दिलं. आणि भुंगा उठला.

रस्त्यात मारुतीचं देऊळ लागलं. इंदूबाई आत गेल्या, हात जोडले आणि चिमूटभर अंगारा घेऊन आल्या.

"पंखाले नको लावू, मावशी. वजन वाढते," उमेरा म्हणाली. "डब्याले लाव."

इंदूबाईंनी डब्याला बोट लावलं. त्यांच्या पिशवीत प्रदर्शनाचा फॉर्म होता. उमेरा उर्दू शाळेत शिकलेली, मराठी अक्षर वाकडं, म्हणून फॉर्म इंदूबाईंनी भरला होता. 'शेतकऱ्यांना उपयोग' हा रकाना उमेरानं तसाच ठेवायला सांगितला होता. तो इंदूबाईंनी घरी बसून भरून टाकला. चार वर्षांपूर्वी कपाशीवर फवारताना नानाजींना विषबाधा झाली. नऊ दिवस दवाखान्यात होते, डाव्या डोळ्याला अजून धूसर दिसतं. पाठीवर पंप घेऊन कोणाला शेतात जावंच लागू नये, असे औषध फवारणारे भुंग्यांचे थवे इंदूबाईंना कधीचे दिसत होते.

प्रदर्शनाच्या मांडवात टेबलामागे नागोराव साहेब बसले होते. जिल्ह्याच्या प्रदर्शनाला कोणाला पाठवायचं ते तेच ठरवणार. उमेरानं डबा उघडला, चिमट्यानं भुंगा उचलला, केसासारख्या दोन तारा बॅटरीला जोडल्या. घूं झालं. भुंगा टेबलावरून वीतभर वर आला आणि तिथंच अधांतरी थांबला. आठपर्यंत मोजून होईतो राहिला आणि सरळ खाली उतरला. बघायला जमलेल्यांत मागच्या वर्षी हसलेलेही होते. ते टेबलाजवळ सरकले.

"मस्त," साहेब म्हणाले आणि फॉर्म वाचू लागले. "उपयोग, कपाशीवर फवारणी. हे पाहिजे होतं. किती औषध उचलते?"

उमेरानं वळून इंदूबाईंकडे पाहिलं. मग साहेबांकडे. "एक थेंब नाही. स्वतःची बॅटरी उचलत नाही तो. म्हणून तर तार आहे."

"पोरं भुंग्याले दोरा बांधतात, तसं झालं हे," मागून एक जण म्हणाला.

"हो. म्याही बांधलते लहानपणी. सोडीन हाही, वेळ लागन."

साहेबांनी आवाज उतरवला. "हे पाह्य पोरी, लिहिलं ते राहू दे. जिल्ह्याले जाशीन. पाच वर्षांत उचलनच ना औषध?"

"मंग पाच वर्षांनी लिहीन."

"अन् फवारणी खोडली तर मी काय म्हणून पाठवू? रिकामा रकाना चालत नाही."

"रिकामा नाही ठेवत."

इंदूबाईंनी तिचा दंड धरून बाजूला घेतलं. "नानाजीसाठी लिहिलं मी. येवढी चालत आली, आता कायले हट्ट करतं? एक शब्द तर आहे."

"नानाजीले इथं उभं करून सांगशीन का, मावशी, की हा तुमच्यासाठी फवारते?"

इंदूबाईंनी तिचा दंड सोडला. गावातल्या देवळाच्या फळ्यावर रोजची तिथी त्याच लिहायच्या. वीस वर्षांत एकही खोटी लिहिली नव्हती. त्यांनी डोळ्याला लावलेला पदर काढला, तोवर उमेरा साहेबांकडून कोरा फॉर्म घेऊन आली होती. जिल्ह्याचं काय होणार, ते साहेबांच्या तोंडावर दिसतच होतं. तिनं फॉर्म डब्याच्या झाकणावर ठेवला आणि पेन पुढं केला.

"अक्षर तुहंच पाहिजे, मावशी. लिही. उपयोग, सध्या काही नाही. उडते." ती जरा थांबली. "अन् 'उडते' मोठ्या अक्षरात लिही."